चोवीस खांबांत तीनच चांदण्या

चाळीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर कापड ताणलं. लग्नं, बारशी, सप्ताह, सभा, एकदा तर जनावरांच्या प्रदर्शनात म्हशींनाही मंडप घातला, आणि खरं सांगतो, सगळ्यात कमी तक्रारी म्हशींनी केल्या. धुळ्यात हायवेच्या अलीकडे आमचं दुकान. दुकान म्हणजे काय, तर बांबू, पाइप, कनाती, दोरांची वेटोळी आणि त्यात कुठेतरी बसायला एक खुर्ची. गुडघे कुरकुरायला लागले तसा गेल्या वर्षी शिडीवरून कायमचा उतरलो. आता दुकान धाकटा भाऊ मधू बघतो आणि मी घरी बसून त्याच्या चुका काढतो.

दिवाळी अंकात थोडी आत्मस्तुती चालते असं ऐकून आहे, तेव्हा तीही करणार. पण लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. आमच्या धंद्यातली एक गोष्ट लोक माझ्या नावावर सांगतात, काही जण मधूच्या नावावर सांगतात, आणि ती आम्हा दोघांचीही नाही. ती सिंधूची आहे. सिंधू म्हणजे माझी बायको. तिचं श्रेय माझ्याच तोंडाने भलतीकडे गेलं, तेव्हा ते परत आणायचं कामही माझंच.

आधी धंदा समजून घ्या. चौकोनी मंडप कुणीही घालतं. आमची ओळख गोल मंडपाची. गोलात सारख्या अंतरावर खांब पुरायचे, मधे एकही खांब नाही, आणि खांबांच्या डोक्यांवरून एक दोर असा फिरवायचा की खालून वर पाहिलं की चांदणी दिसावी. त्या दोरावर मग साटीनच्या पट्ट्या, झालर, एलईडीच्या माळा. हे मला शिकवलं दगा आबांनी. आबा आमचे नात्याचे नाहीत, पण नात्यातल्या कुणी माझ्यासाठी इतकं केलं नाही. त्यांचा एकच कडक नियम होता. दोर तोडायचा नाही. एका खांबावरून सुरुवात करायची, सगळ्या खांबांना शिवायचं, पुन्हा पहिल्यावर यायचं आणि एकच गाठ मारायची. तोडलेला दोर पुढच्या मंडपाला पुरत नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे लग्नघरात दोरावर कात्री चाललेली लोकांना खपत नाही.

किती खांब पुढे जायचं, त्याला आम्ही उडी म्हणतो. पाच खांब असले की दोनची उडी. पहिल्यावरून तिसऱ्यावर, तिथून पाचव्यावर, मग दुसऱ्यावर, चौथ्यावर आणि परत पहिल्यावर. झाली चांदणी. सात खांबांना दोनची उडीही चालते आणि तीनचीही, म्हणजे दोन वेगळ्या चांदण्या. आठ खांबांना फक्त तीनची. उडी जितकी मोठी, तितकं मधलं भोक लहान आणि टोकं अणकुचीदार. एकची उडी मारली तर दोर नुसता शेजारच्या खांबावर जातो. ते कुंपण झालं, चांदणी नव्हे. आबांना हे सगळं हाताने ठाऊक होतं. का ते विचारलं की म्हणायचे, "आकड्यांले त्यासना सोभाव ऱ्हास." आकड्यांना त्यांचा स्वभाव असतो. मी मान डोलवायचो. समजलं काहीच नव्हतं.

तो स्वभाव मला पहिल्यांदा पाचोऱ्यात भेटला. आबा आजारी, मी पहिल्यांदाच एकट्याच्या जिवावर काम घेतलेलं. लग्नाचा मंडप, जागा अडचणीची, म्हणून सहाच खांब पुरले. पाचाला होते, सातालाही होते, मग मधल्या सहाला न व्हायला काय झालं? सकाळी शिडीवर चढलो. दोनची उडी मारली: पहिला, तिसरा, पाचवा आणि घरी परत. तीन खांब रिकामे. तीनची मारली: पहिल्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून पहिल्यावर. नुसती एक काठी. चारची मारली, पुन्हा तोच त्रिकोण उलट्या बाजूने. पाचची म्हणजे तर मागच्या शेजाऱ्याचं दार. उन्हं डोक्यावर आली, वऱ्हाड स्टेशनवर उतरल्याचा निरोप आला, तरी मी आपला दोर सोडतोय आणि बांधतोय.

शेवटी दोर तोडला. दोन दोर, दोन त्रिकोण, एकावर एक. लांबून दिसायला झकास दिसत होतं. पण नवरीची आत्या मोठी चौकस. तिने मान वर केली, बोटाने हवेत दोर गिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दोन दोर? म्हणजे आमच्या पोरीचा संसार दोन ठिकाणी बांधलास का रे तू?" मी बांबूवाल्याला दोष दिला. बांबू वाकडे निघाले म्हटलं. बांबू बिचारे सरळसोट होते. आबांना सांगायची हिंमत झाली नाही, आणि सहा खांबांचा मंडप मी पुन्हा कधी घातला नाही. पण मनात खुटखुट राहिलीच, की आबा असते तर त्यांना जमलं असतं.

आता मूळ गोष्ट. धुळ्यातल्याच एका कॉलनीचं नवरात्र. आमच्याकडे गुजरात जवळ, त्यामुळे गरबा जोरात. मंडळाचे अध्यक्ष प्रेमराजभाऊ, कापसाचे व्यापारी, माणूस दिलदार पण हौस दांडगी. त्यांना दरवर्षी काहीतरी नवं लागायचं. त्या वर्षी दुसऱ्या एका डेकोरेटरने त्यांना थर्मोकोलचा राजवाडा दाखवला होता. मी गेलो तेव्हा राजवाड्याचं चित्र टेबलावर पसरलेलं. माझं डोकं फिरलं. जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासारख्याला बघूनच. मी म्हटलं, "भाऊ, राजवाडा नऊ दिवस तोच दिसणार. मी तुम्हाला नऊ माळांना नऊ चांदण्या देतो. रोज नवी. आणि प्रत्येक चांदणी एका अखंड दोरात, गाठ एकच."

प्रेमराजभाऊंनी चित्राची गुंडाळी केली. "नऊच्या नऊ वेगळ्या?"

"एक जरी परत दिसली तर पुन्हा तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

झालं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रिका छापल्या, कॉलनीभर फलक लावले. 'नऊ माळा, नऊ चांदण्या.'

मी खांब ठरवले चोवीस. चोवीस हा मंडपवाल्यांचा लाडका आकडा. दोनाने जातो, तिनाने जातो, चाराने, सहाने, आठाने, बाराने जातो. कापडाचे पट्टे कसेही वाटा, दारं कुठेही सोडा, उरत काही नाही. आणि माझा हिशेब असा की पाच खांबांत एक चांदणी, सातात दोन, तर चोवीसमध्ये नऊ काय, एकोणीस होतील. कागदावर एकदा काढून बघावं एवढीही बुद्धी झाली नाही. अनुभवी माणसाला कागद कशाला लागतो?

पहिल्या माळेला दोन, तीन, चारच्या उड्या फसल्या, पाचची बसली. म्हटलं, असतात काही आकडे खोडसाळ. दुसऱ्या माळेला सहा फसली, सात बसली. तिसऱ्या माळेला आठ, नऊ, दहा फसल्या, अकरा बसली. लोक खूष. बायका गरबा खेळताना थांबून वर बघायच्या, फोनवर फोटो काढायच्या. मी खुर्चीत पाय लांब करून बसलेलो. चौथ्या माळेच्या सकाळी शिडीवर चढलो, बाराची उडी मारली आणि पाचोऱ्याची काठी पुन्हा भेटली. दोर समोर गेला आणि तसाच परत आला. हरकत नाही, म्हटलं तेरा. तेराची सुंदर बसली! सगळ्या खांबांना शिवली, पहिल्यावर आली, गाठ मारली. दोन तास गेले, घामाने चिंब झालो, पण जिंकलो. तेवढ्यात खालून मधू ओरडला, "दादा, ही तर कालचीच!"

मी खाली उतरून वर पाहिलं. कालचीच होती. टोकनटोक कालची.

तोंडचं पाणी पळालं. चौदा, पंधरा, सोळा करून पाहिल्या. सतराने दुसऱ्या माळेची चांदणी दिली, एकोणिसाने पहिल्या माळेची. बाकी सगळ्या अर्ध्यातून परत. जेवायची वेळ टळून गेली तसा घरी आलो. सिंधू ओट्याजवळ मशीनवर पाचव्या माळेची झालर शिवत होती. लग्नाच्या आधी मी तिला एकच प्रश्न विचारला होता: शिलाई येते का? दहावी झालेली, गणितात वर्गात पहिली, मास्तरीण व्हायचं तिच्या मनात होतं, हे मला लग्नानंतर फार उशिरा कळलं. कळल्यावरही मी त्याचं काही केलं नाही.

"काय व्हयनं? तोंड कसाले उतरनं?" तिने विचारलं. घरात आम्ही आमची अहिराणीच बोलतो.

सांगितलं सगळं. तिने मशीन थांबवलं नाही. पाय चालवत चालवत म्हणाली, "खांब किती शेतस?"

"चोवीस."

क्षणभर ओठ हलले तिचे. "मंग तीनच व्हतीन."

मला राग आला. सकाळपासून मी घाम गाळतोय आणि ही बसल्या बसल्या निकाल देते. "तुले काय कळस त्यातलं?" असं बोलून गेलो. ते वाक्य आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते. ती मात्र चिडली नाही. उठली, परात घेतली, काठावर चोवीस शेंगदाणे गोलात मांडले आणि शिलाईचा दोरा माझ्या हातात दिला. मग तिने जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो.

शाळेत पाचवी-सहावीत मसावि शिकवतात. महत्तम साधारण विभाजक, म्हणजे दोन आकड्यांना ज्याने भाग जातो असा सगळ्यात मोठा आकडा. खांबांचा आकडा आणि उडीचा आकडा यांचा मसावि काढायचा. तो एक आला, तर दोर सगळ्या खांबांना शिवूनच घरी येतो. दोन आला, तर निम्मे खांब उपाशी. तीन आला, तर एक तृतीयांश खांबांनाच शिवतो. सहा खांबांना चारची उडी म्हणजे मसावि दोन, म्हणून तीनच खांब. चोवीसला बाराची उडी म्हणजे मसावि बारा, म्हणून दोनच खांब आणि ती काठी. ज्या दोन आकड्यांचा मसावि एक, त्यांना पुस्तकात सहमूळ म्हणतात. चांदणी फक्त सहमूळ उडीला होते.

आता मोजायचं कसं? चोवीसच्या आत चोवीसशी सहमूळ आकडे किती? एक, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. आठ. पण तेरा पुढे जाणं म्हणजेच अकरा मागे जाणं. खांब तेच, दोर तोच, फक्त चालायची दिशा उलटी. म्हणून आठाचे निम्मे, चार. त्यातलं एक कुंपण, ते वजा. उरल्या तीन. आणि गंमत पाहा, चोवीसला इतक्या आकड्यांनी भाग जातो म्हणून तो मला लाडका होता, आणि नेमकं त्याच गुणामुळे त्याच्याकडे चांदण्यांचा दुष्काळ.

मी शेंगदाण्यांकडे बघत बसलो. "मंग नऊ कशाम्हा व्हतीन?"

"पंचवीसम्हा." तिने परातीत आणखी एक शेंगदाणा ठेवला. पंचवीसला फक्त पाचाच्या पाढ्यातले आकडे अडवतात. ते काढले की वीस उरतात. निम्मे दहा, कुंपण वजा, नऊ. "बरोब्बर नऊ. आपल्याले तर आते सहाच लागतीस."

"त्यापेक्षा एक खांब उपटसू. तेवीस."

"तेवीसम्हा दहा." हे तिने चुटकीसरशी सांगितलं. तेवीस मूळ संख्या, तिला कुणी अडवतच नाही.

मी लगेच प्रेमराजभाऊंना फोन लावला. एक खांब काढायचा आहे म्हटलं. ते जवळजवळ किंचाळले. घट बसलेत, खांबांची पूजा झाली आहे, नऊ दिवस एकही खांब जागचा हलायचा नाही. मी फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. सिंधू म्हणाली, दोर खांबालाच बांधायचा असं कुणी सांगितलंय? खांबांच्या डोक्यांना जोडणारं आडव्या पाइपचं कडं आहे ना? त्या कड्यावर तारेचे पंचवीस आकडे अडकवा. खांब चोवीस का असेनात, दोराला फक्त आकडे ठाऊक.

मग मला एवढंच सुचलं की म्हटलं, "तू चल संगे."

ती पदर खोचून रिक्षात बसली. आल्या आल्या तिने कड्याभोवती सुतळी फिरवून घेतली. ती जमिनीवर आणून पाच सारख्या घड्या घातल्या, खुणा केल्या, मग प्रत्येक भागाच्या पुन्हा पाच घड्या. शिलाईच्या खडूने पंचवीस खुणा. सुतळी परत वर, मी आणि मधूने खुणेखुणेला आकडे आवळले. मग मी शिडीवर, मधू दोर पुरवायला आणि सिंधू मधोमध उभी राहून वर बघत आकडे सांगतेय: "सात! चौदा! एकवीस! आते तीन! दहा! सतरा!" एकदाही अडखळली नाही. आरतीला अर्धा तास असताना दोर पहिल्या आकड्यावर परत आला. मी गाठ मारली आणि खाली बघितलं. ती हसत होती. लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. ते बघून फार बरं वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

पुढच्या पाच माळा ती रोज दुपारी, मंडप रिकामा असताना यायची. सहाची उडी, मग आठ, नऊ, चार, आणि नवव्या माळेला बारा. बाराची चांदणी म्हणजे काय वर्णावं, मधलं भोक आरतीच्या तबकाएवढं आणि सगळे दोर त्याच्याकडे धावलेले. धुळ्यातून सोडा, जळगावहून लोक बघायला आले.

त्या शेवटच्या संध्याकाळी आरतीनंतर प्रेमराजभाऊंनी मला स्टेजवर बोलावलं, शाल-नारळ पुढे केला. मी नको म्हटलं. मनापासून म्हटलं हो! माईकवर सांगितलं, "भाऊ, हे डोकं माझं नाही. हे सगळं आमच्या घरच्यांचं."

आता आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक असेलच. बायकोचं नाव नवऱ्याने चारचौघांत घ्यायचं नाही. घरचे म्हणायचं, मंडळी म्हणायचं, फार तर पोराच्या नावाने हाक मारायची. माझ्या मनात घरचे म्हणजे सिंधू. प्रेमराजभाऊंच्या डोळ्यांसमोर घरचे म्हणजे नऊ दिवस दोर ओढणारा माझा सख्खा भाऊ! "अरे, मधूभाऊ! या, या वर!" मधू गोंधळला, चढला, आणि त्याच्या अंगावर शाल पडली. टाळ्यांचा कडकडाट. समोर पुढाऱ्यांची रांग, आमचे दोन चुलते, सिंधूचे थोरले भाऊ. मी माईकपाशीच उभा होतो. एक शब्द बोलायचा होता. नाव तोंडात आलं आणि तिथेच थांबलं. रीत होतीच, पण नुसती रीत नव्हती. बायकोने शिकवलं म्हटल्यावर लोक हसतील, ही भीतीही होती. खोटं कशाला बोलू?

सिंधू बायकांच्या घोळक्यात उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना तिने मला फक्त एवढंच विचारलं, "मधूभाऊजींची शाल लोकरीची आहे का हो?" ती रागावली की प्रमाण मराठीत बोलते. मी चहाचा कप उचलून अंगणात गेलो. त्यानंतर तिने हा विषय कधीच काढला नाही. मधूने ती शाल तिला नेऊन दिली, तिने ती घडी करून त्याच्याच घरी परत पाठवली.

पण हिशेब तिचाच चालला. त्यानंतर एकही गोल मंडप तिला विचारल्याशिवाय पुरला नाही. पहूरला एका लग्नात वरपक्ष फारच खोड्या काढणारा निघाला. तिने अकरा खांब सांगितले आणि चारही चांदण्या कागदावर काढून दिल्या. निवडता निवडता त्यांचंच आपसात भांडण लागलं आणि आमच्या मागची कटकट गेली. जळगावच्या एका कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक मुलीच्या लग्नासाठी आले, तर मंडपाचं राहिलं बाजूला, सिंधूसमोर वही उघडून बसले. म्हणाले, "बाई, हे सहमूळ आकडे मोजायला गणितात एक ग्रीक अक्षर आहे." ती म्हणाली, "असू द्या. माझं त्याच्यावाचून भागतंय." मग तिने त्यांना एकच विचारलं. पाच खांबांपासून पुढे, सहा सोडून असा आणखी कुठला आकडा आहे का, ज्यात एका दोराची एकही चांदणी होत नाही? प्राध्यापकांनी बराच वेळ आकडेमोड केली. नाही, म्हणाले. सहा एकटाच.

ते गेल्यावर ती माझ्याकडे वळली. पाचोऱ्याची गोष्ट मी तिला कधीतरी सांगितली होती. म्हणाली, "आबांसलेबी जमनं नसतं. तुमनी चूक नव्हती." तीस वर्षं मनात असलेली खुटखुट तिने त्या एका वाक्याने काढली. आणि मला तिचं नुसतं नाव उच्चारता येत नव्हतं. आबांचे, गिऱ्हाइकांचे, मधूचे, सगळ्यांचे उपकार मी तोंड भरून मानत आलो. ज्या एका माणसाचे सगळ्यात जास्त, तिथे माझं तोंड शिवलेलं.

गेल्या नवरात्रात मी धंद्यातून निवृत्त होणार हे कळल्यावर प्रेमराजभाऊंनी माझा सत्कार ठरवला. तोच मंडप, तीच कॉलनी, भाऊंचे केस मात्र पांढरे झालेले. आरती झाली, शाल खांद्यावर पडली. मी ती काढून हातावर घेतली आणि माईक धरला. म्हटलं, "त्या वर्षी मी घरचे म्हणालो, तुम्ही मधूला शाल दिली. चूक तुमची नाही. घरचे म्हणजे माझी बायको. नऊ चांदण्या तिने मोजल्या. मी नुसता शिडीवर होतो."

मग बायकांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "नाव घ्या, काका! उखाण्यात घ्या!" आणि सगळ्याच ओरडायला लागल्या. मी काही ठरवून गेलो नव्हतो. पण जे तोंडात आलं ते आलं:

"चोवीस खांबांत अडकलो, पंचविसाने तरलो,
सिंधूचं नाव घ्यायला नऊ वर्षं विसरलो."

मंडप दणाणला. मधू धावत जाऊन वहिनीला हात धरून घेऊन आला. प्रेमराजभाऊंच्या पत्नीने तिच्या खांद्यावर शाल घातली, ओटी भरली आणि दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे केला. सिंधू आयुष्यात पहिल्यांदा माईकपुढे उभी होती. तिने समोर बघितलं, वर चांदणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नऊ नाही," ती म्हणाली. "अकरा."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता बोटांवर मोजून पाहिलं. अकराच होती. इतकी वर्षं ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती, पण मोजत होती.